ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?

पत्र आलंय पारोळा तालुक्यातल्या एका वाचक बाईचं. लांबलचक आहे, मी थोडं आखडून देते:

"मावशी, मी ४६ वर्षांची, दहावी शिकलेली. माहेर अमळनेरकडचं. वडिलांना जाऊन चार वर्षं झाली. यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले तेव्हा भावांनी हक्कसोडवर सही घेतली आणि माझ्या खात्यात ६ लाख रुपये टाकले. जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर एवढा पैसा आला आणि तेव्हापासून माझी झोप गेली आहे. हे म्हणतात, कपाशीला ठिबक करून टाकू. मुलगा नाशिकला कंपनीत आहे, तो म्हणतो, शेअर बाजारात वर्षभरात दुप्पट करून देतो. जाऊबाई म्हणतात, जळगावहून पाटल्या करून आण, सोनं कोणी मागत नाही. आणि पतसंस्थेचा एक एजंट रोज ओट्यावर येऊन बसतो, ११ टक्के देतो म्हणतो. माझं खातं लाडकी बहीणच्या वेळी मुलाने काढून दिलं. एटीएम कार्ड ह्यांच्या पाकिटात असतं. मी फक्त सही करते, व्याजातलं मला काही कळत नाही. पैसा मन्हाच शे ना, मावशी? मंग मी काय करू?"

बाई, ठिबक, शेअर, पाटल्या आणि पतसंस्था, चौघांकडेही येऊ. पण आधी मला एक सांग. मुलाने खातं काढून दिलं तेव्हा फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा लिहिला?

तू लिहिलेलं नाहीस, तरी मला अंदाज आहे. मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी आपल्याच खान्देशातल्या शाखांमध्ये, आणि असे शेकडो फॉर्म माझ्या हाताखालून गेले. नाव बाईचं, आधार बाईचं, फोटो बाईचा, सही बाईची आणि मोबाईल नंबर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. कोणाच्या मनात वाईट नसतं. "तुला कुठे फोन कळतो", एवढंच कारण. पण खात्यातून पैसे हलवायचे असले की बँक विचारते ती त्या नंबरला. ओटीपी नाशिकला जाणार, मुलगा "हो" म्हणणार आणि इकडे पारोळ्यात तुला पासबुक छापून आणेपर्यंत पत्ता लागणार नाही. तू विचारतेस, पैसा माझाच ना? कागदावर तुझाच आहे. पण जोवर तो मेसेज तुझ्या पदराआडच्या फोनवर वाजत नाही, तोवर त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे.

म्हणून पहिलं काम हे. सोमवारी आठवडे बाजाराला जाणार असशील तर बाजार नंतर, बँक आधी. आधार कार्ड, पासबुक आणि तुझ्या स्वतःच्या नावाचं सिम घेऊन जा. बटणांचा साधा फोन असला तरी चालतो, मेसेज त्यावरही येतात. काउंटरवर सांग, "खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलायचा आहे." एका पानाचा फॉर्म असतो. भरून दे आणि एका पानावर पोच मागून घे. तिथंच विचार की नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लागलंय. पुष्कळ खात्यांत ती जागा रिकामीच असते. मुलीचं लाव, मुलाचं लाव, दोघांचं लाव. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात आणि कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

आता कार्ड. ते ह्यांच्या पाकिटातून कसं काढायचं, हा प्रश्न बँकेचा नाही, घरातला आहे, आणि तुझ्या पत्रातला अर्धा घोर त्याचाच आहे हे मला कळतंय. खोटं बोलू नकोस. "बँकेनेच मागवलंय" वगैरे सांगशील, तर पुढच्या वेळी त्याहून मोठं खोटं सांगावं लागेल. त्यापेक्षा ह्यांनाच सोबत घेऊन बँकेत जा. मोटारसायकलवर मागे बसून जा, पण काउंटरवर पुढे तू उभी राहा. कार्डाचं म्हणशील तर एक कारण अगदी खरं आहे: आधी त्या खात्यात दीड हजार यायचे, आता ६ लाख आहेत, पाकीट बाजारात कुठे पडलं तर? कार्ड हातात आलं की मशीनवर पिन बदल. मुलाचं जन्मसाल ठेवू नकोस. सगळ्या आया तेच ठेवतात.

एवढं झालं की दुसरं काम, आणि ते म्हणजे काहीही न करणं. चौघांनाही एकच उत्तर दे, "दिवाळीनंतर बघू." ठिबकवाला, शेअरवाला, पाटल्यावाली, एजंट, यांच्यापैकी प्रत्येकाला घाई आहे. तुला कसलीच नाही. पैसा आला तो तुझा अर्धा जन्म गेल्यावर आला, आणखी पाच महिने थांबला तर नासणार नाही.

थांबायचं म्हणजे खात्यात तसाच पडू द्यायचा नाही. ५० हजार बचत खात्यात राहू दे. उरलेल्या साडेपाच लाखांच्या ५०-५० हजारांच्या ११ मुदत ठेवी कर, वर्षभराच्या. बँकेतला पोरगा कंटाळेल, म्हणेल, "मावशी, एकच पावती करा ना." त्याचं ऐकू नकोस. साडेपाच लाखांची एक पावती असली आणि अडीनडीला ४० हजार लागले, तर सगळी मोडावी लागते आणि व्याज सगळ्यावर कापलं जातं. ५० हजारांची असली तर एकच मोडते, बाकीच्या दहा शाबूत.

या ११ पैकी सहा आहे त्या बँकेत ठेव आणि पाच दुसऱ्या बँकेत. कारण बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे जास्तीत जास्त ५ लाख मिळतात, मुद्दल आणि व्याज धरून, दर माणशी दर बँकेला. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती. दुसरं खातं मात्र तू स्वतः काढ, मुलाला बोलावू नकोस. फक्त त्या वेळी एक जपायचं: फॉर्ममध्ये सरकारी योजनांचे पैसे या खात्यात घेण्यासाठी आधार जोडायचं का, असा चौकोन असतो. तिथं खूण केलीस तर लाडकी बहीणचे दीड हजार उद्या त्या नव्या खात्यात जायला लागतील आणि तू जुनं पासबुक घेऊन "हप्ता आला नाही" म्हणून चकरा मारशील.

आणखी एक सांगते, हे सांगायला माझी जीभ जरा अडते. मुदत ठेव करायला गेलेली बाई बँकेतून विम्याची पॉलिसी घेऊन बाहेर पडते, असं पुष्कळदा होतं. आम्हालाही टार्गेट असायचं. "एफडीच आहे काकू, वर विमा फुकट", हे वाक्य मी माझ्या कानांनी शेजारच्या टेबलावर ऐकलंय आणि गप्प बसलेय. तू एकच प्रश्न विचार: "हे पैसे पुढच्या वर्षी पुन्हा भरावे लागतील का?" उत्तर "हो" आलं की ती ठेव नाही. चुकून सही झालीच, तर पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पैसे थोडी कापाकापी होऊन मिळतात.

आता त्या ओट्यावर बसणाऱ्या एजंटकडे येऊ.

तू लिहिलंस, तुला व्याजातलं कळत नाही. मी नाही मानत. तुझ्या गावात बचत गट असेलच, गटातून कर्ज घेतलं की शेकडा दोन रुपये लागतात हे तुला पाठ असेल. शेकडा दोन म्हणजे महिन्याला शंभरामागे दोन, वर्षाला २४ टक्के. बँक बोलते ते वर्षाचं, आपण बोलतो ते महिन्याचं, घोटाळा एवढाच आहे. बँकेच्या टक्क्यांना बाराने भाग, ते आपल्या भाषेत येतं. ७.२ टक्के म्हणजे शेकडा ६० पैसे. एजंटचे ११ टक्के म्हणजे शेकडा जवळजवळ ९२ पैसे. आता तूच हिशोब कर. जो तुला शेकडा ९२ पैसे देणार, त्याने ते पैसे पुढे कोणाला तरी सव्वा-दीड रुपयाने दिले पाहिजेत, शिवाय त्याचं ऑफिस, त्याचा पगार, तुझ्या ओट्यावरच्या चकरांचं कमिशन. आणि शेकडा दीड रुपयाने कर्ज उचलतो कोण? ज्याला बँकेने दारात उभं केलं नाही तो. त्याने बुडवलं की बुडालं ते तुझं.

पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि तो ५ लाखांचा ठेव विमाही नसतो. सहकारी बँकेला असतो, पतसंस्थेला नसतो. पाटीवर दोघींच्या नावात "सहकारी" असतं म्हणून माणूस फसतो. चांगल्या चालवलेल्या पतसंस्था आहेत, नाही असं नाही. पण बाहेर उभं राहून चांगली कोणती आणि पोकळ कोणती हे ओळखणं अवघड आहे, आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे स्वतःचे १ लाख ४० हजार एका पतसंस्थेत गेले. बँकेत नोकरीला असताना! दोन टक्के जास्त मिळतात म्हणून, आणि संचालक आमच्या नात्यातले म्हणून. घरी सांगायला मला आठ महिने लागले. पुढे कितीतरी वर्षं त्या बंद शटरसमोरून जाताना मी दुसऱ्या बाजूच्या दुकानांकडे बघत चालायचे. आपल्या जिल्ह्यांत अशी शटरं पुष्कळ घरांनी पाहिली आहेत. तुझ्या गावातही कोणीतरी असेल, विचार.

एजंटला ओट्यावरून उठवायला एक सोपं वाक्य आहे: "ठेव विमा आहे का, तेवढं लेटरहेडवर लिहून आणा."

मुलाचं बोलणं. शेअर बाजार म्हणजे जुगार, असं मी म्हणणार नाही, आणि अमळनेरच्या माहेरवाशिणीला तर मुळीच नाही. १९४५ साली तुझ्याच माहेराकडे, अमळनेरात, वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच आजची विप्रो. ज्या घरांनी तिचे शेअर दोन-तीन पिढ्या हलवले नाहीत, त्यांचं काय झालं हे तू लहानपणापासून ऐकत आली असशील. पण त्यांनी वर्षात दुप्पट करायला घेतले नव्हते, ट्रंकेत ठेवून विसरले होते. तुझा मुलगा "वर्षात दुप्पट" म्हणतो तेव्हा तो बहुतेक फ्युचर्स-ऑप्शनचं बोलतोय, म्हणजे भाव पुढे चढेल की पडेल यावर पैसे लावायचे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला, त्यात अशा व्यवहारांत उतरलेल्या दर १०० सामान्य माणसांतले ९३ तोट्यात निघाले. त्याला विचार, "तुझे स्वतःचे किती दुप्पट झाले, तेवढं दाखव." दाखवले तर मला कळव. बरं, त्याला हळूच हेही सांग की मोबाईल नंबर बदललाय. रागावेल. दोन दिवस फोन करणार नाही. तिसऱ्या दिवशी करेल.

ट्रंकेवरून आठवलं. हक्कसोडाची नोंदणी झालेली प्रत तुझ्याकडे आहे का? नसेल तर भावाकडून माग. जमिनीचा गट नंबर सोडून त्यात आणखी काय काय लिहिलंय ते नीट वाच. वडिलांचे जुने शेअर, जुन्या ठेवी, टपालाची खाती, यांतलं काही राहून गेलं असेल तर ते दुर्लक्षात पडतं. शेअरचा लाभांश सलग सात वर्षं कोणी घेतला नाही, तर शेअरही सरकारच्या एका निधीत जमा होतात. तिथून वारसांना परत मागता येतात, फक्त कागदं लागतात. आणि वाचकांपैकी ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांना: २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि २००५ च्या आधी वडील वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. सही करायची की नाही हे तुमच्या घरचं तुम्ही बघा, पण आमरसाच्या ताटावरून उठून लगेच करू नका. या बाईची झालेली आहे. ती मनाविरुद्ध झाली असेल तर त्यासाठी वकील गाठ, माझं सदर पुरणार नाही.

जाऊबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. सोनं कोणी विकायला मागत नाही, पण पेरणीच्या तोंडावर गहाण ठेवायला सगळेच मागतात, हे त्यांनाही माहीत आहे, त्यांच्याच पाटल्या किती वेळा गेल्या आणि आल्या ते विचार त्यांना. शिवाय दागिन्यावर मजुरी जाते, वर ३ टक्के जीएसटी, आणि मोडायला गेलं की मजुरी हिशोबात धरत नाहीत. हौस म्हणून एखादी वस्तू कर, खुशाल कर, माहेरच्या पैशाची आठवण हातात असावी असं मलाही वाटतं. बिल तुझ्या नावाचं घे आणि दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आहे ना ते भिंगातून दाखवायला लाव. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

राहिलं ठिबक, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण बाकी तिघांना नाही म्हणणं सोपं आहे.

शेत दोघांचं आहे, कपाशी पिकली तर ताट दोघांचं भरतं. तुझा पैसा त्यात अजिबात लावू नकोस, असं मी सांगणार नाही. पण आधी ह्यांना महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या वेबसाइटवर, अर्ज करायला लाव. ५ एकरांपर्यंतच्या लहान शेतकऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून ठरलेल्या खर्चाच्या ८० टक्के अनुदान आहे, त्याहून मोठ्याला ७५. अनुदान मागाहून येतं, आधी खिशातून घालावं लागतं आणि वाट बघताना जीव जातो, हे मान्य. तेवढ्यापुरते पैसे दे. एकदोन पावत्या मोड, दुकानदाराच्या खात्यात तुझ्या खात्यातून पाठव, रोख देऊ नकोस. आणि घरात एक शंभर पानी वही घाल: अमुक तारखेला ठिबकासाठी इतके दिले, अनुदान आलं की माझ्या खात्यात. ह्यांच्यासमोर लिही. "नवऱ्याकडे कसली उसनवारी", असं घरात कोणीतरी म्हणेलच. भावांनी तुला पैसे दिले ते कागद करूनच दिले ना? मग.

खतं-बियाण्यांसाठी मात्र पावती मोडू नकोस. सोसायटीतून पीक कर्ज घेऊन वेळेवर भरलं तर ते जवळजवळ बिनव्याजी पडतं, त्यापुढे तुझी ठेव मोडणं तोट्याचं आहे. आणि आता तुझ्या खात्यात पैसा आहे हे गावाला कळलंय, त्यामुळे जामीनदार म्हणून सही मागायला कोणीतरी येईल. दीर, भाचा, शेजारी, कोणीही असो. ती करू नकोस.

दिवाळीनंतर काय करशील, ते तूच ठरव. माझा कल सांगते. ३ लाख टपालाच्या मासिक प्राप्ती योजनेत. दर सरकार तिमाहीला ठरवतं, तो ७.४ टक्के धरला तर महिन्याला १,८५० रुपये तुझ्या हातात येतात, पाच वर्षं. पहिलं वर्ष हात लावता येत नाही आणि नंतरही मुदतीआधी काढले तर थोडं कापतात, हे पोस्टात पुन्हा विचारून घे. एक लाख अडीनडीला बँकेतच. बाकीचं ठिबक आणि हौस. कोणी "महिला सन्मान" बचत पत्रात टाक म्हणालं तर ती योजना ३१ मार्च २०२५ ला नव्या लोकांसाठी बंद झाली आहे, हे सांगणाऱ्याला सांग.

तोपर्यंत दर महिन्याला पासबुक छापून आण आणि घरी पोळ्या झाल्या की चष्मा लावून एकेक ओळ वाच. ४३६ रुपये गेलेले दिसतील, कदाचित २० रुपयेही. ते चोरीला गेलेले नाहीत. पहिला २ लाखांचा जीवन विमा आहे, दुसरा अपघाताचा, खातं काढताना मुलाने सही घेतली असेल. मेच्या शेवटी दरवर्षी कापतात. कार्डाचे पैसे, मेसेजचे पैसे, व्याजाचे पैसे, सगळं तिथं असतं. ज्या ओळी कळणार नाहीत त्या जशाच्या तशा उतरवून मला पाठव. खातं नंबर लिहू नकोस. मलासुद्धा.